तीन घोट आणि थांब

हळू. खुर्ची ओढू नकोस, उचलून ठेव. दुपारी एक ते तीन या खोलीत कुणाचा आवाज चढत नाही, हा नियम मीच केला आणि मीच दटावून पाळायला लावते. म्हणून तर तुम्ही पोरी माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणता. मला ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला.

बस इथे, दिव्याजवळ. बाहेर मे महिन्याची लू चाललीय, इलाइट चौराह्यावर माणूस दिसत नसेल, आणि इथे आपण भर दुपारी कातरवेळ करून बसलोय. खिडक्यांचे पडदे ओढलेले, काचेच्या पेट्यांवर गोधड्या, टेबलावर हा एक दिवा आणि त्यावरही पिवळं फडकं. आईच्या पोटात असाच उजेड असतो म्हणतात. दिवस भरायच्या आत बाहेर आलेल्या बाळांना आपण तो दोन तास परत देतो. त्यांची झोप होते, आणि झोप झाली की ती वाढतात. आपली आया याला 'बच्चों की रात' म्हणते, ते मला आवडतं.

अनुया, दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार आणि ही खोली तुझ्या हाती येणार. किल्ल्या देईन, रजिस्टरं देईन. पण एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरात लिहिलेली नाही, ती आज सांगून टाकते. तुझं मराठी म्हणजे खिचडीतल्या मिठाएवढं, पण ऐकलेलं सगळं कळतं तुला. मध्ये बोलू नकोस मात्र.

सात वर्षांपूर्वीचा असाच मे होता. सकाळी मी रोजच्यासारखी बाहेरच्या बाकांवर कापडं गोळा करायला गेले. कापडं म्हणजे ती आपली हातरुमालाएवढी. आईने रात्री छातीशी धरून झोपायचं, सकाळी पिशवीत घालून आणून द्यायचं, आणि आपण ते पेटीत बाळाच्या नाकाशी ठेवायचं. दूध नळीने पोटात जातं, पण आई नाकातून जाते, असं मी बायकांना समजावते.

तेव्हा तीन नंबरच्या पेटीत कश्मिराची मुलगी होती. कश्मिरा बबीना छावणीतली, फौजी बापाची लेक. तिचं सासर सीपरी बाजारातलं, इथलंच जुनं मराठी घर. नवरा हृषीकेश बँकेत. मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात झाली, एक किलो ऐंशी ग्रॅम. माझ्या तळहातावर पाय दुमडून मावायची. महिनाभरात तिने सगळं जिंकलं. श्वासाचं यंत्र सुटलं, कावीळ गेली, दीड किलोला आली. एकच गोष्ट तिला जमेना. पिणं.

आपल्याला काय वाटतं, पिणं म्हणजे काय मोठंसं! पण चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, तिन्ही कामं करायची आणि एकाने दुसऱ्याच्या पायात पाय घालायचा नाही. भरल्या दिवसांचं मूल हे पोटातून शिकून येतं. या पोरीची शाळा अर्ध्यात सुटली होती. गिळायचं आठवलं की ती श्वास विसरायची, श्वास आठवला की गिळायचं विसरायची. वाटी-चमच्याने दोन थेंब दिले की ओठ निळे. मी तिला कुशीवर धरून पाहिलं, करंगळी चोखायला देऊन पाहिलं, थेंब थेंब मोजून पाहिलं. तीस वर्षांची विद्या पणाला लावली. एकदा दूध फुफ्फुसात गेलं आणि पाच दिवस ती ऑक्सिजनवर होती.

डॉक्टर सुमेध शांत माणूस. त्यांनी कश्मिराला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. अजून एकदा असं झालं तर मूल हातचं जाईल. सोमवारपर्यंत तोंडाने घेऊ लागली नाही तर लखनौला पाठवायचं, पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवायची. दीड किलोच्या जिवाला भूल द्यायची, अँब्युलन्समध्ये पाच तास न्यायचं... कश्मिरा रडली नाही. घरी गेली आणि तापाने पडली.

तो गुरुवार होता. बाकावर कश्मिराच्या जागी तिचे आजेसासरे बसले होते. मार्तंडराव, ऐंशीला आलेले, रेल्वेतून पेन्शनीत निघालेले. पांढराशुभ्र सदरा, मांडीवर चहाचा थर्मास. रोज यायचे, दिवसभर बसायचे, थर्मासच्या झाकणातून चहा प्यायचे. पिण्याची त्यांची एक रीत होती. तीन घोट घ्यायचे, झाकण खाली आणायचे, शांतपणे तीन श्वास घ्यायचे, मग पुन्हा तीन घोट. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं सगळंच घड्याळाबरहुकूम. रेल्वेची सवय.

त्यांनी माझ्या हातात पिशवी ठेवली.

"तीन नंबरचं कापड, बाई."

मी पाहिलंसुद्धा नाही. नंबर चिकटवला, आत आले, कापड पोरीच्या नाकाशी ठेवलं. हात काढताना एवढंच जाणवलं की हे फार मऊ आहे, शंभरदा धुतलेल्या लुगड्यासारखं. तापात पडलेल्या बाईने कापड कधी दिलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

एक वाजता पडदे ओढले. अडीचला आयेने नेहमीप्रमाणे वीस मिली दूध कोमट करून वाटीत झाकून ठेवलं. तीनला मी उठले. नळीने दूध सोडण्याआधी सिरिंज ओढून पोट रिकामं आहे का बघतो ना आपण, तशी ओढली. पोट रिकामं हवं होतं. बाराचं दूध केव्हाच जिरलं असणार. पण सिरिंज भरली. आठ मिली, ताजं. मी वाटीवरचं झाकण काढलं. विसातले बाराच उरले होते.

नळीचं तोंड बंद होतं, चिकटपट्टी जशीच्या तशी. म्हणजे कुणीतरी पोरीला तोंडाने पाजलं होतं.

माझं डोकं फिरलं. जे मूल चमचाभर दुधाने मरू शकतं त्याला चोरून पाजायचं? मी आयेला कोपऱ्यात घेतलं. ती बिचारी हात जोडून म्हणाली, "कोऊ नईं आओ, सिस्टर जी... हम तौ दरवज्जे पै बैठे हते." मग मी बाहेर गेले आणि सरळ म्हाताऱ्यावर घसरले. घरगुती अकला इथे चालवायच्या नाहीत, काका, मुलीचा जीव जाईल, वगैरे बरंच बोलले. मार्तंडराव मान खाली घालून ऐकत राहिले. दारावरचा चौकीदारच मध्ये पडला. "बब्बा जू तौ इतईं बैठे हैं, हले लौ नइयां." म्हणजे जागचे हललेसुद्धा नाहीत.

तेव्हा म्हाताऱ्याने वर पाहिलं. डोळे भरले होते, पण रागाने नव्हे.

"प्यायली?" त्यांनी विचारलं. "किती?"



शुक्रवारी मी स्वतः पेटीशेजारी स्टूल टाकून बसले. चोर पकडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच. एक वाजला. पडदे, गोधड्या, दिवा. सहा पेट्या, सहा हिरव्या रेषा आणि पंख्याची घरघर. दूध आलं, झाकून ठेवलं. मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. आणि मग वास आला...

पहिला वेखंडाचा. मग धुराचा, शेगडीत कोळसे विझत आले की येतो तसला. आणि त्याखाली कापसाचा कोरडा, उबदार वास. आपल्या खोलीला सॅनिटायझरखेरीज कसलाही वास कधी येत नाही, तुला माहीत आहे. 

मग आवाज आला. गोधडीच्या आत. अगदी बारीक. चुट्... चुट्... चुट्... आणि शांतता. पुन्हा चुट्... चुट्... चुट्...

मी मॉनिटरकडे पाहिलं. श्वासाची रेष तीन घोटांपुरती सपाट व्हायची आणि मग तीन सुबक लाटा उठायच्या. ऑक्सिजन सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. चमच्याचं टोक लागलं की साठावर कोसळणारी ही पोरगी!

मी गोधडीचं टोक उचललं.

पेटीची दोन्ही दारं बंद होती. मी तिला उजव्या कुशीवर निजवलं होतं, ती आता डाव्या कुशीवर होती. डोकं गादीपासून बोटभर वर उचललेलं, खाली काही नाही. मानेवरचं जावळ दाबलं गेलं होतं, तिथे पंजा टेकल्यासारखा खळगा होता. हनुवटीखाली कुणी बोट धरावं तशी हनुवटी वर. तोंड उघडं, आणि ओठांच्या कडेवर दुधाचा एक थेंब कुठूनसा जमला, घरंगळला, आत गेला. दुसरा. तिसरा. मग थेंब थांबले. पोरीने श्वास घेतले. ते चौथ्या थेंबाची वाट पाहणं... अनुया, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाच आठवड्यांत प्रथमच नव्हती.

वाटी बाहेर माझ्या हाताशी होती, आणि झाकणाखालून काही हलल्याचा आवाज नव्हता.

मी ओरडले नाही. ओरडायची सोयच नव्हती, नियम माझाच. पण खरं सांगते, दार उघडायला गेलेला माझा हात काचेवरच थिजला. आत हात घालून तिला सोडवावं हे माझं काम होतं. एक थेंब चुकीच्या वाटेला गेला असता तर तिचा मृत्यू माझ्या डोक्यावर होता. आणि तरी मी पाहत राहिले, कारण मी तीस वर्षं पोरींना जे शिकवत आले ते खरोखर कसं करतात हे मी पहिल्यांदा पाहत होते. काय तो धीर! बाळाचा श्वास पूर्ण होईस्तोवर थेंब जागचा हलत नव्हता. माझे डोळे वाहायला लागले. देवळात गेल्यावर लोकांना जे होतं म्हणतात, ते मला तिथे झालं.

पावणेतीनला डोकं हळूच गादीवर टेकलं. ओठांवरचा ओघळ खालून वर पुसला गेला. वास ओसरला. मी झाकण काढलं. सहा मिली उरले होते.

थांब, चहा घेते जरा. बोलून घसा सुकला.

बाहेर मार्तंडराव होते. मी शेजारी बसले.  त्यांनीच थर्मास उघडला, तीन घोट घेतले, थांबले. आणि माझ्या डोक्यात लख्ख पेटलं.

"काका, ते कापड कुणाचं आहे?"

"ताराआत्याचं." ते अगदी सहज म्हणाले. "मीही सातमासाच, बाई. आई त्याच रात्री गेली. वैद्याने सांगितलं, ठेवून द्या, सकाळपर्यंत राहत नाही. तारा माझ्या बापाची धाकटी बहीण, सोळा वर्षांची. तिने खोक्यात कापूस घातला, बाजूला शेगडी ठेवली आणि बोंडल्याने मला पाजायला बसली. तीन घोट, आणि थांब. ती मोठ्याने म्हणायची म्हणे. तीन घोट, आणि थांब. अडीच महिने तिने मला मांडीवरून उतरवलं नाही. नाकाशी तिच्या लुगड्याचा पदर असायचा."

"आणि मग?"

"मी सहा वर्षांचा असताना विषमज्वरात गेली. पदराचा तो तुकडा मी ठेवला. उशाखाली. आजवर एक रात्र त्याच्यावाचून निजलो नाही. काल रात्री निजलो." ते हसले. पुन्हा झाकण ओठांना लावलं आणि त्यांना ठसका लागला. चहा सदऱ्यावर सांडला. चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. मी पाठ चोळत राहिले, तेव्हा कुठे श्वास आला.

"कालपासून लागतोय," ते म्हणाले. "काही उतरत नाही खाली."

मी उठलेच. "काढते ते कापड. तुमचं तुम्हाला देते."

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"हात लावायचा नाही, बाई. एकाच वेळी दोघांना कशी भरवेल ती? एका हातावर बाळाचं डोकं असतं. मोकळा हात एकच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐंशी वर्षं तिच्याच हातचं जेवलो मी. आपणहून गिळायला कधी शिकलोच नाही... पोरगी मात्र शिकेल. तिला शिकू दे."

काय करायला हवं होतं मी? तूच सांग. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला रजेवर पाठवलं असतं. मी आत गेले आणि कापड नीट नाकाशी सरकवलं. एवढंच केलं, आणि ते मी जाणूनबुजून केलं.

सोमवारी डॉक्टर सुमेधांसमोर मी वाटी-चमच्याने वीसच्या वीस मिली पाजलं. तीन घोट, आणि थांब. त्यांनी मॉनिटर पाहिला, मला पाहिलं आणि लखनौचा कागद फाडून टाकला. कश्मिरा ताप उतरून आली. तिच्या छातीशी पोरीला दिलं तेव्हा आईला काही शिकवावं लागलं नाही, लेकीनेच आईला शिकवलं. कश्मिरा हसायला लागली आणि हसता हसता जी रडली, की आयाही पदराने डोळे पुसत बसली. पोरीचं नाव इरा ठेवलं.

तिकडे मार्तंडरावांना पाणीही उतरेना. डॉक्टर म्हणाले, वयाचा परिणाम, नाकातून नळी घालू. त्यांनी नाही म्हटलं. मला निरोप पाठवला, घाई करू नका.

दहाव्या दिवशी मी कापड बाजूला काढलं आणि श्वास रोखून बसले. इरा पिता पिता थांबली. मान वळवून तिने कुणालातरी शोधलं. मग स्वतःच तोंड उघडलं आणि प्यायली, पाच घोट, सहा घोट, धसमुसळेपणाने, तिच्या मनाला येईल तशी. कुणाचीही वाट न बघता. मी कापड पिशवीत घालून हृषीकेशच्या हातात दिलं आणि पळ म्हटलं.

तो पोचला तेव्हा म्हातारा जेमतेम होता. कापड उशाशी ठेवलं. हृषीकेश सांगतो, आजोबांनी डोळे उघडले, तोंड उघडलं. कुणी पाणी आणायला उठायच्या आत त्यांचा गळा हलू लागला. तीन घोट. मग थांबले. घरचे चौथ्याची वाट बघत राहिले.

कापड त्यांच्याबरोबरच चितेवर ठेवलं. जळताना हृषीकेशने डोळ्यांनी पाहिलं. माझ्या हिशेबी गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण तीन वर्षांनी बबीनाची एक आजी आली. सून आजारी होती, म्हणून नातवासाठी तिने स्वतःच्या साडीचा तुकडा छातीशी धरून आणला. साधी साडी, बाजारातली. त्या दुपारी मला वेखंडाचा वास आला. नातू आठ दिवसांत प्यायला लागला. आजी जाताना बाकावर बसून खोकत होती, पाणी पिताना ठसका लागतो म्हणे. दोन महिन्यांनी कळलं, गेली. कापड तर जळून गेलं होतं ना? मग कोण येतं, कुणाच्या तोंडचं कुणाला देतं, मला सांगता येणार नाही. तेव्हापासून मी आज्यांकडून कापड घेत नाही. आईचं असेल तरच ठेवते. तू विचारायचीस ना, मॅम इतकी सख्ती का? म्हणून.

आता तिकडे बघ. गोधडी उचलू नकोस, नुसतं बघ. तीन नंबरमध्ये परवा आणलेला मुलगा आहे. मोठ नावाच्या गावाहून अँब्युलन्समधून आला, आई वाटेतच गेली. बाप बाहेर भिंतीकडे तोंड करून बसलाय. काल चमच्याने दोनदा निळा पडला. आज सकाळी कापडं गोळा केली तेव्हा पाच भरली, सहावी पिशवी रिकामी.

कुणाचा तरी वास हवा ना गं त्याच्या नाकाशी.

माझ्यामागे रडायला कोणी नाही, आणि माझी ती विटलेली हिरवी साडी तुला माहीत आहे. काल घरी जाऊन पदराचा तुकडा कापला...

अगं, नको, पाणी नको देऊस. काही नाही, ठसका आहे नुसता. सकाळपासून तिसरा. होईल कमी. तू आवाज करू नकोस, त्याची झोप मोडेल. अडीचला ठेवलेली दुधाची वाटी तुझ्या हाताशी आहे. जरा झाकण उचल आणि सांग मला... किती उरलंय?